खाऱ्या पाण्याचे पहिले मत्स्यालय : उभारणी व निगा

गोड्या पाण्यातील शोभिवंत मासे पाळण्याचा छंद आता खेड्यापाड्यांतही रुजला आहे. समुद्री मासे मात्र मोठ्या शहरातील मत्स्यालयातच पाहावयाचे, असा समज अद्याप आढळतो. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले व अनेकांना समुद्रातील जीवसृष्टीचे पहिले दर्शन तेथेच घडले. किनाऱ्यावरील शाळा, युवक मंडळे व पर्यटकांची निवास-न्याहारीची सोय करणारे शेतकरी यांना लहान प्रमाणावर असे मत्स्यालय स्वतः उभारता येईल. तथापि पुष्कळ ठिकाणी पहिल्या महिन्यातच मासे दगावतात, पैसा वाया जातो व रिकामी टाकी अडगळीत पडते. याचे मुख्य कारण म्हणजे घाई. ती कशी टाळावी, हे या पाठात सांगितले आहे.

टाकी मुरणे म्हणजे काय?

ताजे शेण पिकाच्या मुळाशी घातल्यास पीक पिवळे पडते. तेच शेण कुजवून घातल्यास पीक जोमाने वाढते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. मत्स्यालयातही असेच घडते. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. जमिनीत अमोनियम सल्फेट घातल्यावर जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. टाकीतील वाळू व गाळणी यांवर वाढणारे जिवाणू हेच काम करतात. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.२ असतो आणि सामू जितका अधिक, तितका अमोनिया अधिक घातक ठरतो. म्हणून जिवाणूंची वाढ पुरेशी होईपर्यंत टाकीत मासे सोडू नयेत.

टाकी व जागा

फार लहान टाकी घेऊ नये. थोड्या पाण्यात बिघाड झपाट्याने होतो. ३ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकी नवशिक्यास सोयीची असते. वरची मोकळी जागा व तळची वाळू वजा जाता तीत सुमारे १७० लिटर पाणी मावते. काच व वाळू यांसह एकूण वजन दोन क्विंटलांच्या वर जाते. म्हणून बैठक भक्कम व सपाट असावी. टाकीवर थेट ऊन पडू देऊ नये. पाण्याचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस राखावे. उन्हाळ्यात पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास पाणी थंड राहते.

खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो. यासाठी हवेचा पंप अहोरात्र चालू असावा व वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा पंप हाताशी ठेवावा. तांब्याची किंवा पितळेची भांडी वापरू नयेत. त्यांतून पाण्यात उतरणारे तांबे कोळंबी, शंख यांसारख्या प्राण्यांना मारक ठरते.

पाणी तयार करणे

समुद्राचे पाणी आणावयाचे असल्यास ते खाडीच्या मुखापासून, वस्तीपासून व बंदरापासून दूर, भरतीच्या वेळी घ्यावे. पावसाळ्यात ते घेऊ नये, कारण त्या वेळी किनाऱ्याजवळचे पाणी फिके झालेले असते. आणलेले पाणी कापडातून गाळून, झाकून, अंधारात काही दिवस निवळू द्यावे. समुद्रापासून दूरच्या गावी मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री मीठ दर लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम या प्रमाणात गोड्या पाण्यात विरघळवावे. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही. समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी क्षार त्यात पुरेसे नसतात. क्षारतामापकाने मोजले असता विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ असावे.

चार ते सहा आठवडे थांबा

पाणी, वाळू व गाळणी यांची मांडणी झाल्यावर पंप सुरू करावा व सोललेल्या कोळंबीचा लहान तुकडा पाण्यात टाकावा. तो कुजू लागला की अमोनिया वाढतो व जिवाणूंना अन्न मिळते. दर दोन-तीन दिवसांनी तपासणी संचाने अमोनिया व नायट्राइट मोजून वहीत नोंद करावी. प्रथम अमोनिया चढतो व उतरतो. मागून नायट्राइट चढतो व उतरतो. दोन्ही शून्यावर येऊन तेथेच राहिले, म्हणजे टाकी मुरली. यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. पाणी नितळ दिसते एवढ्यावर विसंबू नये. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

मासे सोडणे

आरंभी विदूषक माशांची एक जोडी पुरे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांच्या बीजोत्पादनाचे तंत्र विकसित केले आहे. म्हणून समुद्रातून पकडलेल्या माशांऐवजी टाकीत पैदास झालेले मासे मागावेत. ते काटक असतात व तयार खाद्य सहज घेतात. माशांची पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी आणि नंतर तीत टाकीचे पाणी थोडे थोडे मिसळावे. पुढील मासे काही आठवड्यांच्या अंतराने आणावेत.

प्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून संरक्षण आहे. शोभेसाठी ते गोळा करणे किंवा विकत घेणे गुन्हा आहे.

नित्याची निगा

१. दिवसातून दोन वेळा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे.

२. वाफ होऊन घटलेले पाणी गोड्या, क्लोरिनविरहित पाण्याने भरून काढावे. मिठागरात पाणी उडून जाते व मीठ मागे राहते, तसेच येथेही होते. घटलेल्या १० लिटरांऐवजी समुद्राचे पाणी घातले, तर दर वेळी सुमारे ३५० ग्रॅम मीठ वाढेल.

३. दर पंधरवड्यास दहावा हिस्सा पाणी काढून तेवढेच तयार खारे पाणी घालावे. त्यामुळे साचलेले नायट्रेट कमी होते.

४. गाळणीचा स्पंज काढलेल्या जुन्या पाण्यातच खळबळावा. नळाच्या पाण्यातील क्लोरिनने उपयुक्त जिवाणू मरतात.

५. पाळलेला मासा समुद्रात किंवा खाडीत कधीही सोडू नये.

ग्रामसेवकांनी गावातील पहिली टाकी शक्यतो शाळेत उभारावी व नोंदवही विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्यावी. रिकाम्या टाकीतील अमोनियाचा चढउतार मुलांनी स्वतः मोजला, की मासे केव्हा आणावयाचे हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.