फ्रिज म्हणजे जादूची पेटी नव्हे!

मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे मराठी चुकलं तर सांभाळून घ्या. पण विषय पोटाचा आहे!

गेल्या सेमिस्टरला रात्रभर टेबलावर राहिलेला भात मी सकाळी हॉस्टेलच्या फ्रिजमध्ये ठेवला आणि संध्याकाळी मस्त फोडणी देऊन रूममेटला वाढला. बिचारा रात्रभर उलट्या करत होता. सकाळची व्हायवा बुडाली. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "भात कधीचा?"

मग मी वाचून काढलं. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की जंतू वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करणारं हे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. फ्रिज जंतूंची वाढ फक्त मंदावतो, बिघडलेलं अन्न सुधारत नाही.

तेव्हा मित्रांनो, उरलेलं अन्न दोन तासांच्या आत, पसरट डब्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवा. तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा कमी हवं. दाराजवळ गारवा कमी, म्हणून दूध आतल्या कप्प्यात. कच्चं चिकन सर्वांत खाली. फ्रिज ठासून भरू नका, थंड हवा फिरायला जागा हवी.

रूममेटने मला माफ केलंय. पण डब्यावर तारीख नसेल तर तो माझ्या हातचं काही खात नाही!