आधी कंपनीचा पीएफ बघा

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला होतो. दर महिन्याच्या स्लिपवर पीएफची कपात छापून यायची, पण पैसे भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात पोचतच नव्हते. पासबुक उघडलं तर महिनेच्या महिने कोरे. अकाउंट्सला विचारलं की, "साहेब आले की बघू." साहेब रोज येत, विषय मात्र निघत नसे. आमच्यातला एक ऑपरेटर बहिणीच्या लग्नासाठी त्याच पैशांवर भिस्त ठेवून होता. त्याचं ते हिशेब मांडत बसणं आठवलं की आजही संताप होतो.

म्हणून नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, मुलाखतीला जायच्या आधी कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, म्हणजे ईपीएफओच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून बघा. कोणत्या महिन्याचे पैसे कधी भरले, किती जणांचे भरले, सगळं दिसतं. वीस किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्याला पीएफचा कायदा लागतो आणि भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत व्हावा लागतो. तारखा सारख्या लांबत असतील, तर तिथे पगारही वेळेवर होत असेल का, याची शंका घ्या. मालक दोनशे माणसं सांगतो आणि भरणा तीस जणांचाच दिसतो, तेव्हा उरलेले बहुधा ठेकेदाराच्या नावावर असतात. मग आपलं नेमणूकपत्र कुणाच्या लेटरहेडवर येणार, ते स्पष्ट विचारा. ठेकेदाराच्या असेल, तर त्याचंही नाव शोधून बघा.

नोंदीत न दिसणारं गेटबाहेर कळतं. शिफ्ट सुटताना समोरच्या टपरीवर चहा घ्या. "कंपनी कशी आहे?" असं विचारलंत तर "बरी आहे" एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा पगार कितवीला होतो, ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो का, हे विचारा. आणि सोडून गेलेल्यांचा हिशेब चुकता झाला का, हे तर नक्कीच. जाणाऱ्या माणसाशी कंपनी कशी वागते, त्यावरून मी तिची पारख करतो.

मुलाखतीला गेलात की मूळ मार्कलिस्ट दाखवा, झेरॉक्स द्या, पण मूळ प्रत कुणाच्या कपाटात अडकू देऊ नका. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याकडे पुन्हा फिरकू नका. सीटीसीच्या आकड्यात मालकाचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते, तेव्हा हातात किती पडणार ते लेखी घ्या.

आणि जे आधीच अडकलेत, त्यांनी स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवावं. पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि ईपीएफओकडे ऑनलाइन तक्रार करता येते. आम्ही स्लिपा जोडूनच तक्रार केली. कारखान्याला नोटीस गेली, काही महिन्यांचे पैसे जमा झाले. उरलेल्यांसाठी पाठपुरावा चालू आहे.