एका वर्षाचा अभ्यास : इ. स. १२९०

इतिहास म्हणजे राजांच्या वंशावळी, असें समजून आमचे कित्येक वाचक त्या विषयाच्या वाटेस जात नाहींत. वंशावळ पाठ करणें कंटाळवाणें असतें, हें आम्हांस कबूल आहे. परंतु इतिहास वाचण्याची दुसरीही एक रीत आहे. ती आज करून दाखवावी असें आम्हीं योजिलें आहे. एकाच राज्याचीं शंभर वर्षें उभीं वाचण्याऐवजीं एकच वर्ष घ्यावें, आणि त्या वर्षीं पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांत काय चाललें होतें तें आडवें वाचावें. शेतकऱ्यास हें निराळें सांगणें नको. कुळवाची उभी पाळी झाल्यावर आडवी घातल्याशिवाय जमीन मोकळी होत नाहीं.

आम्हीं इ. स. १२९० हें वर्ष घेतलें आहे. तें आपल्याकडे शके १२१२, व मुसलमान लोकांच्या हिशेबानें हिजरी ६८९ होतें. यहूदी लोकांच्या गणनेचें ५०५० वें वर्ष त्या सालच्या शरदऋतूंत संपलें. अशा निरनिराळ्या गणना आहेत हें त्या काळच्या विद्वानांसही ठाऊक होतें. इटली देशांतील फ्लॉरेन्स शहरीं जून महिन्याच्या ८ तारखेस बियात्रिचे नांवाची एक तरुण स्त्री मरण पावली. तिजवर कवि दान्ते याची निस्सीम भक्ति होती. त्यानें आपल्या पुस्तकांत तिच्या मृत्यूचा काल अरबी, सुरियानी व ख्रिस्ती अशा तीन गणनांनीं सांगितला आहे. तें पुस्तक त्यानें विद्वानांच्या लॅटिन भाषेंत न लिहितां आईपासून शिकलेल्या इटालियन भाषेंत लिहिलें, ही गोष्ट वाचकांनीं मनांत ठेवावी.

कारण आतां आपण आपल्या घरीं येतों. प्रवरा नदीच्या कांठीं नेवासें येथें ह्याच वर्षीं ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली मराठी टीका पुरी केली. ग्रंथाच्या शेवटीं शकाचा आंकडा, तो लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा यांचें नांव, आणि देवगिरीचा यादव राजा रामदेवराव याचा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरांचा जन्म शके ११९७ त धरला, तर त्यांचें वय त्या वेळीं अवघें पंधरा वर्षांचें होतें. बापानें संन्यास घेऊन पुन्हां संसार थाटला, म्हणून ह्या चार भावंडांस आळंदीच्या ब्राह्मणांनीं वाळींत टाकिलें होतें, असें परंपरा सांगते. वाळींत पडणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस आम्हीं समजावून सांगावें असें नाहीं. मराठींत लिहिणारे ते पहिलेच होते असें मात्र कोणी समजूं नये. महानुभाव पंथाच्या लोकांनीं त्यापूर्वींच आपल्या गुरूंच्या आठवणी साध्या मराठी गद्यांत लिहून ठेविल्या होत्या. तरी संस्कृताच्या कुलुपांत ठेविलेलें ज्ञान बायाबापड्यांच्या भाषेंत इतक्या विस्तारानें सांगण्याचें धैर्य वाळींत पडलेल्या एका मुलानें केलें, ही लहान गोष्ट नव्हे.

रामदेवराव त्या वेळीं निर्धास्त होता. परंतु त्याच वर्षीं दिल्लीस जें घडलें त्याचा त्याच्या राज्याशीं फार जवळचा संबंध पुढें आला. तेथील तरुण सुलतान कैकुबाद चैनीनें शरीर नासून अर्धांगवायूनें अंथरुणास खिळला होता. त्याचा वध झाला, आणि जून महिन्यांत जलालुद्दीन खिलजी हा सत्तरीस आलेला सरदार तख्तावर बसला. दिल्लीच्या लोकांस खिलजी घराणें आवडत नव्हतें, म्हणून तो आरंभीं शहरांत न जातां यमुनेच्या कांठीं किलोखडी येथेंच राहिला. बरनी नांवाचा इतिहासकार लिहितो कीं, जुन्या सुलतानाच्या वाड्यांत शिरतांना, चाकर असतां जेथें घोड्यावरून उतरत असे तेथेंच तो ह्या वेळींही उतरला, आणि आंत गेल्यावर रडला. त्याच वर्षीं त्याच्याविरुद्ध बंड झालें. बंडखोर सरदार सांपडले, तेव्हां त्यानें त्यांच्या बेड्या काढविल्या व त्यांस मेजवानी दिली. दरबारी लोक ह्यास म्हातारचळ म्हणाले. त्यांस आम्ही पुरतें खोटें ठरवूं शकत नाहीं, कारण १२९६ सालीं ह्याच मायाळू म्हाताऱ्यास त्याचा पुतण्या व जांवई अल्लाउद्दीन यानें कपटानें मारविलें. त्याच साली, तत्पूर्वीं, अल्लाउद्दीन चुलत्यास न कळवितां विंध्याद्रि ओलांडून देवगिरीवर चालून आला होता. रामदेवरावानें त्यास जें अपार द्रव्य दिलें, त्याच्याच बळावर दिल्लीचें तख्त घेण्याची त्याची छाती झाली. नेवाशाचा ग्रंथ आणि दिल्लीचें राज्यांतर हीं दोन्हीं एकाच सालचीं आहेत हें आपण सहसा लक्षांत घेत नाहीं.

हिमालयापलीकडे चीन देशांत मोंगल बादशहा कुब्लाईखान राज्य करीत होता. व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो अद्याप त्याच्याच देशांत होता. ह्या वर्षीं बादशहाच्या दप्तरांत कुटुंबें व माणसें यांची गणति लिहिली गेली : कुटुंबें १,३१,९६,२०६ आणि माणसें ५,८८,३४,७११. करासाठीं केलेली ही मोजणी असल्यामुळें पुष्कळ लोक तींतून सुटले असतील. तरी शेवटच्या माणसापर्यंत आंकडा लिहिणारें दप्तर त्या काळीं क्वचितच दुसरीकडे असेल. त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत त्या देशाच्या उत्तर भागांत मोठा भूकंप होऊन हजारों माणसें घरांखालीं गाडलीं गेलीं.

आतां पश्चिमेस भूमध्यसमुद्राच्या कांठीं जाऊं. प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायांत, पौल यरुशलेमास जातांना प्तलमैस येथें बंधुजनांजवळ एक दिवस राहिला, असें आपण वाचतों. तेंच शहर जुन्या करारांत अक्को म्हणून आलें आहे. यरुशलेम जिंकून घेण्यासाठीं युरोपांतील लोकांनीं दोनशें वर्षें जीं युद्धें केलीं, त्यांच्या मिळकतीपैकीं १२९० सालीं अक्को व किनाऱ्यावरचीं दुसरीं थोडींशीं ठाणीं एवढेंच त्यांच्या हातीं राहिलें होतें. मिसर देशाचा सुलतान कलाऊन यानें आदल्या वर्षीं त्रिपोली घेतली होती, परंतु अक्कोशीं त्याचा तह होता. आसपासच्या खेड्यांतील मुसलमान शेतकरी आपला माल घेऊन शहरांत येत, दमास्कसचे व्यापारीही येत. इतक्यांत पोपच्या आवाहनावरून उत्तर इटलींतून नवीन लोकांचीं गलबतें भरून आलीं. हे शिस्तीचे शिपाई नव्हते. त्यांत बेकार व भुकेले लोक पुष्कळ होते. आम्ही मुसलमानांशीं लढावयास आलों, असें म्हणत एके दिवशीं ऑगस्ट महिन्यांत त्यांनीं बाजारांत तलवार चालविली. दाढी दिसली कीं तो मुसलमान, एवढीच त्यांची पारख होती. भाजी व धान्य विकावयास आलेले शेतकरी मारले गेले, आणि त्यांच्याबरोबर त्या देशाचे दाढी राखणारे कित्येक ख्रिस्ती लोकही मारले गेले. कलाऊनानें अपराधी मागितले. शहराच्या पुढाऱ्यांनीं ते दिले नाहींत. सुलतान फौज घेऊन निघाला व १० नोव्हेंबर रोजीं कैरोच्या बाहेरच मरण पावला. परंतु त्याचा मुलगा खलील यानें १८ मे १२९१ रोजीं अक्को घेतलें आणि तें राज्य संपलें.

पोर्तुगाल देशाचा राजा दिनिस यानें ह्या वर्षीं लिस्बन येथें विद्यापीठ स्थापिलें. हेंच पुढें कोइंब्रा शहरीं स्थिर झालें. स्कॉटलंडच्या गादीची वारस, सात वर्षांची राजकन्या मार्गारेट, नॉर्वेहून येतांना वाटेंत मरण पावली आणि त्या राज्यांत वारसाचा तंटा माजला. ह्या दोन गोष्टींचा उल्लेख करून आम्ही इंग्लंडांतील एका गोष्टीकडे वळतों. तिजसाठींच आम्हीं हें वर्ष मुख्यतः निवडिलें आहे.

यहूदी लोक आमच्या वाचकांस अगदींच अनोळखी नाहींत. कोंकणांत, पूर्वीच्या कुलाबा म्हणजे हल्लींच्या रायगड जिल्ह्यांत, तेलाचे घाणे चालविणारे व शब्बाथ पाळून शनिवारीं घाणा बंद ठेवणारे बेने-इस्राएल लोक शनवार तेली ह्या नांवानें कित्येक पिढ्या शेजाऱ्यांत सुखानें नांदले. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांतील बहुतेक तिकडे गेले; परंतु ते आपल्या राजीखुषीनें गेले.

इंग्लंडांतील हकीकत निराळी आहे. तेथें यहूदी लोक १०६६ नंतर नॉर्मन राजांबरोबर आले. त्यांस जमीन धारण करण्याची नीट सोय नव्हती व कारागिरांच्या मंडळ्यांत प्रवेश नव्हता. ख्रिस्ती माणसानें व्याज घेऊं नये असा चर्चचा नियम होता, म्हणून सावकारी तेवढी यहूद्यांच्या वाट्यास आली. सावकाराचें नांव काढतांच आमच्या खेड्यांतील वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, आणि तें साहजिक आहे. परंतु ह्या सावकारांचाही एक सावकार होता, तो म्हणजे राजा. यहूदी हे राजाची मालमत्ता समजले जात. तो वाटेल तेव्हां त्यांजवर पट्टी बसवी. ती भरण्यासाठीं ते कुळांस पिळीत. आणि कुळें राजास न शिव्या देतां यहूद्यांस देत. ११९० सालीं यॉर्क शहरीं ह्या द्वेषाचा भडका उडून तेथील सुमारें दीडशें यहूदी प्राणांस मुकले. १२७५ सालीं एडवर्ड राजानें व्याज घेण्यास त्यांस बंदी केली, आणि सात वर्षांवरील प्रत्येक यहूद्यानें छातीवर पिवळ्या कापडाची खूण लावावी असें ठरविलें. त्या खुणेचा आकार मोशेच्या दोन पाट्यांचा होता. जुनें पोट भरण्याचें साधन गेलें, आणि नवीन धंदे नांवापुरते मोकळे झाले.

१२९० सालीं राजास पैशाची फार निकड होती. यहूदी आतां इतके पिळून निघाले होते कीं त्यांजपासून कांहीं मिळण्यासारखें नव्हतें. पार्लमेंटानें राजास एक लक्ष पौंडांहून अधिक रकमेचा मोठा कर दिला, आणि राजानें तिच्या मनासारखें केलें : जुलैच्या १८ तारखेस हुकूम काढिला कीं, सर्व यहूद्यांनीं १ नोव्हेंबर, म्हणजे सर्व संतांचा सण, ह्या दिवसाच्या आंत देश सोडावा. यरुशलेमांतील मंदिर पडलें त्याबद्दल यहूदी लोक अब महिन्याच्या नवव्या दिवशीं उपास करितात. तो दिवस त्या वर्षीं ह्याच तारखेस होता. अलीकडील अभ्यासकांच्या मतें देश सोडणारे लोक दोन-तीन हजार असावेत. अंगावर नेतां येईल तें त्यांनीं न्यावें. घरें व कर्जरोखे राजाचे. राजानें व्याज सोडून मुद्दल वसूल केलें, म्हणजे कुळांचें कर्ज सुटलें नाहीं, धनको तेवढा बदलला. वाटेंत त्यांस कोणी छळूं नये असाही हुकूम होता. तरी त्या काळच्या बखरींत लिहिलें आहे कीं, एका नावाड्यानें थेम्स नदीच्या मुखाशीं ओहोटीच्या वेळीं यहूद्यांस वाळूच्या दांड्यावर उतरविलें, आणि भरती येऊं लागल्यावर, आतां मोशेला हांक मारा, असें म्हणून नाव हांकारली. ते सर्व बुडाले. ह्या कृत्याबद्दल अपराध्यांस फांशीं दिलें गेलें, हें सांगणें न्याय्य आहे.

हें करणारा राजा निर्दय होता असें म्हणून हात झटकतां येत नाहीं. त्याच नोव्हेंबर महिन्याच्या २८ तारखेस त्याची राणी एलिनॉर वारली. तिच्यावर त्याचें फार प्रेम होतें. प्रेत लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरास नेतांना ज्या बारा ठिकाणीं मुक्काम झाला, त्या प्रत्येक ठिकाणीं त्यानें दगडी क्रूस उभारविला. लंडनांतील चॅरिंग क्रॉस ह्या जागेस तें नांव त्यावरूनच राहिलें. ह्या राणीनें यहूद्यांचे रोखे आपल्या हातीं घेऊन पुष्कळ जमिनी मिळविल्या होत्या, आणि त्याबद्दल आर्चबिशप पेकम यानें तिला बोल लाविला होता. क्रूसाच्या छायेंत ही सर्व माणसें वागत होतीं. त्यांच्या हातून जें घडलें तें आपल्याच घरचें समजून वाचावें असें आम्हांस वाटतें. दुसऱ्यांनीं तें आपणांस ऐकवावें आणि मग आपण मान खालीं घालावी, त्यापेक्षां हें बरें.

इंग्लंडांतले सर्वच यहूदी गेले असें मात्र नाहीं. एडवर्डच्या बापानें १२३२ सालीं लंडनांत बाप्तिस्मा घेतलेल्या यहूद्यांसाठीं एक आश्रम बांधिला होता. त्याची गरज पडण्याचें कारण विचित्र होतें. यहूद्यानें धर्मांतर केलें कीं त्याची सर्व मिळकत राजाकडे जाई. म्हणजे ख्रिस्ती होणारा त्याच दिवशीं भिकारी होई. १२८० सालीं एडवर्डनें कांहीं वर्षांपुरती अशी सवलत दिली कीं, अर्धी मिळकत त्याजकडे राहावी. आश्रमांत पुरुषास दररोज दीड पेनी मिळे, आणि तीही वेळेवर मिळत नसे. १२९० सालीं तेथें सुमारें ऐंशी जण होते. त्यांचे भाऊबंद होड्यांत बसून गेले. त्यांस मागें राहण्याची परवानगी होती. नवीन बंधूंनीं त्यांस पुरतें आपलें म्हटलें नाहीं, व जुन्यांस ते मेल्यासारखे झाले. यहूद्यांस त्या देशांत पुन्हां उघडपणें राहण्यास १६५६ साल उजाडावें लागलें.

हुकुमाचा मूळ कागद आज कोठेंही उपलब्ध नाहीं. निरनिराळ्या परगण्यांच्या अंमलदारांस गेलेल्या आज्ञापत्रांवरून तो कळतो. आश्रमाची इमारत १३७७ सालीं राज्याचीं दप्तरें सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या ताब्यांत गेली, आणि पुढें त्याच जागेवर देशाचें सार्वजनिक दप्तरखाना झाला. हल्लीं तेथें लंडनच्या किंग्ज कॉलेजचें ग्रंथालय आहे.