ताण आणि बालकाचा मेंदू

परभणी जिल्ह्यात पावसाने ओढ दिली की पिकांची पैसेवारी काढली जाते, टँकर किती लागतील याचा हिशोब होतो, जनावरांच्या चाऱ्याची तरतूद केली जाते. २०१४ व २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे मराठवाड्याने हे अनुभवले. मात्र त्या काळात घरातील दोन-तीन वर्षांच्या मुलावर काय परिणाम झाला, हे दाखविणारा रकाना पैसेवारीच्या तक्त्यात नसतो. मेंदूविषयीचे अलीकडचे संशोधन पाहता ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही.

ताण ही केवळ मनाची उदासी नव्हे. ती शरीराची क्रिया आहे. संकटाची चाहूल लागताच मेंदूकडून संदेश निघतो आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. वाटेत साप दिसला तर हीच योजना माणसाला वाचविते. संकट टळले की ती शांत व्हावयास हवी. कर्ज, तंटा, उपासमार यांमुळे ती महिनोन् महिने चालू राहिली, तर मात्र रक्षकच घराला उपद्रव देऊ लागतो.

बंगळूर येथे सुमंत्र चट्टर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. उंदरांना रोज दोन तास याप्रमाणे दहा दिवस जखडून ठेवण्यात आले. स्मरणाशी संबंधित अशा हिप्पोकॅम्पस या भागातील चेतापेशींच्या शाखा आखडल्या. भीतीशी संबंधित अशा अमिग्डाला या भागातील शाखा उलट वाढल्या. पुढे २००४ साली असे आढळले की, एकवीस दिवसांच्या विश्रांतीनंतर पहिला भाग सावरतो, दुसरा सावरत नाही. विसर पडतो तो शिकलेल्याचा, भीती मात्र टिकते. वर्गात लक्ष नसणाऱ्या मुलाला ‘मठ्ठ’ ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी हे ध्यानी घ्यावे.

हे झाले वाढ पूर्ण झालेल्या प्राण्यांविषयी. कोवळ्या वयातील ताणाचा अभ्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने केला आहे. जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत पिलांना रोज तीन तास आईपासून दूर ठेवले, तर मोठेपणीही ती अधिक भित्री राहतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील निष्कर्ष याला पूरक आहेत. पिलांना वारंवार चाटणाऱ्या मादीची पिले पुढे ताण चांगला सोसतात. आणि उदासीन मादीचे पिलू अशा मायाळू मादीकडे वाढविले, तर तेही शांत निघते. म्हणजे प्रश्न रक्ताचा नसून संगोपनाचा आहे.

उंदरांवरून माणसाविषयी घाईने अनुमान काढू नये, हे खरे. परंतु रुमानियात अनाथालयांतील बालकांवर २००० सालापासून झालेल्या अभ्यासातही हीच दिशा दिसते: साधारणतः दोन वर्षांच्या आत कुटुंबात ठेवलेली मुले पुष्कळ बाबतींत अधिक सावरली.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठात, १९७२ साली स्थापन झालेल्या या संस्थेत, पिकांबरोबरच मानव विकासाचाही अभ्यास होतो. गंगाखेडसारख्या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबे निघतात. हंगामी वसतिगृहांचा उपयोग शाळेत जाणाऱ्या मुलांना होतो. त्याहून लहान मूल आईबरोबर फडावरच जाते. मूल आईजवळ असते, पण पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या त्या माउलीला त्याच्याशी बोलावयास उसंत कोठली! आईला उपदेश करून येथे काही साधणार नाही. तिचा भार हलका झाला पाहिजे.

ग्रामपंचायतीला यात करण्याजोगे पुष्कळ आहे. कुटुंबे निघण्यापूर्वी सहा वर्षांखालील मुले व गरोदर स्त्रिया यांची यादी अंगणवाडी सेविकेने करावी आणि ती कारखान्याच्या परिसरातील अंगणवाडीकडे पोहोचेल, हे ग्रामसेवकांनी पाहावे. गावात मागे राहिलेल्या आजी-आजोबांनाही अंगणवाडीच्या पालकसभेस बोलवावे. ज्या घरात कर्त्या माणसाचे मन खचले आहे, तेथे आशा कार्यकर्तीने भेट द्यावी व टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकाची माहिती सांगावी. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिण्यास खर्च खडूचाच येतो.