पाठ १४ : घाई चालत नाही

वाचण्यापूर्वी
आजी-आजोबांना विचारा : तुमच्याकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता का? बटण फिरवल्यावर आवाज लगेच यायचा का?

पाठ
पाया लेबारहून सर्कल लाइननं बिशानच्या दिशेनं निघालात, की आठवं स्टेशन येतं कॅल्डेकॉट. तिथल्या टेकडीवर १ मार्च १९३७ रोजी ब्रिटिश मलाया ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या रेडिओ केंद्राचं उद्घाटन झालं.

तेव्हा ट्रान्झिस्टर नव्हते. आवाज दूरवर पाठवणारं यंत्र, म्हणजे ट्रान्समीटर, व्हॉल्व्हवर चालायचं. व्हॉल्व्ह बल्बसारखा दिसतो. त्याच्या आतली हवा काढून टाकलेली असते. आतली तार, म्हणजे फिलामेंट, तापली की इलेक्ट्रॉन सुटतात आणि हाय व्होल्टेज दिलेल्या प्लेटकडे धावतात. वाटेत एक बारीक जाळी असते. जाळीवर छोटा सिग्नल दिला, की ही धाव कमी-जास्त होते. अशा रीतीनं छोट्या सिग्नलचा मोठा सिग्नल होतो.

मोठा ट्रान्समीटर सुरू करताना क्रम पाळावाच लागतो. आधी पंखा किंवा थंड पाणी सुरू करा. मग फिलामेंट लावा आणि थांबा. ते पुरेसं तापल्याशिवाय हाय व्होल्टेज देऊ नका, नाहीतर महागडा व्हॉल्व्ह खराब होईल. बंद करताना उलटा क्रम : आधी हाय व्होल्टेज, मग फिलामेंट, शेवटी पंखा.

दुरुस्ती करताना तर जिवाशी गाठ असते. वीज बंद केली तरी कॅपॅसिटरमध्ये हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात. म्हणून अर्थिंगची तार जोडलेली लांब दांडी आधी कॅपॅसिटरला लावतात. ती लावल्याशिवाय आत हात घालायचा नाही! जुने तंत्रज्ञ नव्या मुलांना सांगायचे, "एक हात खिशात ठेव." दोन्ही हात लागले, तर वीज छातीतून जाते.

रेडिओ केंद्रात थांबायला वेळ असतो. पण पोलीस मागावर असतील तर?

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गांधीजी आणि इतर नेत्यांना अटक झाली. वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर त्यांचा आवाज ऐकू आला. पण ट्रान्समीटरच्या लहरी श्रोत्यांना मिळतात, तशा पोलिसांनाही मिळतात. म्हणून ही मंडळी सारखी जागा बदलायची. नवी जागा म्हणजे पुन्हा एरियल बांधा, पुन्हा जोडणी करा, पुन्हा व्हॉल्व्ह तापण्याची वाट बघा. पोलीस जवळ आले म्हणून व्हॉल्व्ह काही लवकर तापत नाही.

१२ नोव्हेंबरला प्रसारण चालू असतानाच धाड पडली. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या येरवडा तुरुंगात होत्या आणि १९४६ मध्ये सुटल्या. रेडिओ जेमतेम अडीच महिने चालला, पण बंदीच्या काळात खऱ्या बातम्या लोकांपर्यंत पोचल्या.

शब्दार्थ
जिवाशी गाठ – जीव जाण्याचा धोका
मागावर असणे – शोधत पाठलाग करणे
धाड – पोलिसांनी अचानक येऊन घेतलेली झडती
जेमतेम – फार तर तेवढंच, जास्त नाही

भाषा : –ल्याशिवाय
"फिलामेंट तापल्याशिवाय हाय व्होल्टेज देऊ नका." म्हणजे आधी फिलामेंट तापू दे, मगच पुढचं काम. आता तुम्ही वाक्यं पूर्ण करा :
१. हात धुतल्याशिवाय …
२. … आई बाहेर जाऊ देत नाही.

विचार करा, सांगा
१. ट्रान्समीटर बंद करताना पंखा शेवटी का बंद करतात?
२. उषाताईंच्या जागी तुम्ही असता, तर १२ नोव्हेंबरला प्रसारण केलं असतं का? पाच वाक्यं लिहा आणि घरी वाचून दाखवा.