जर्मनीचं पाणी बाधत नाही

जर्मनीतल्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. त्याआधी आई-वडील मुलांना घेऊन दवाखान्यात येतात आणि मागणी एकच असते: "डॉक्टर, तिकडचं पाणी बाधेल, जुलाबाचा कोर्स लिहून द्या." कोर्स म्हणजे अँटिबायोटिक. मी तो देत नाही. तिथलं नळाचं पाणी कडक तपासणी होऊन येतं, ते खुशाल प्यावं.

मग पोट का बिघडतं? आखेनला शिकणारा सांगलीचा एक मुलगा सुट्टीत आला होता. पोट फुगायचं, गुरगुरायचं, शौचाला पातळ व्हायचं. सोबत नेलेला कोर्स त्याने पुन्हा पुन्हा घेतला, गुण आला नाही. खाण्याची चौकशी केली तेव्हा कळलं, सकाळी वाडगाभर थंड दूध आणि म्युसली, स्वयंपाकाचा कंटाळा आला की रात्रीही तेच. घरी त्याच्या पोटात दूध जायचं ते चहापुरतं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवण्याची ताकद आपल्यातल्या अनेकांची लहानपणानंतर कमी होते. चहातलं दूध पचतं, अर्धा लिटर पचत नाही. यात जंतूंचा संबंध नाही. अँटिबायोटिकने आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि जुलाब वाढू शकतात.

घाबरण्याचं कारण नाही. दोन आठवडे दूध बंद करून पाहा. दही आणि जुनं, कडक चीज बहुतेकांना पचतं. लॅक्टोजमुक्त दूध आणि मसूर डाळ तिथल्या सुपरमार्केटमध्ये मिळते. छोटा कुकर न्या, वरण-भात लावा, तिथला राय या धान्याचा ब्रेड थोडा थोडा वाढवा. मात्र शाकाहारी असाल तर नुसत्या ब्रेड-बटाट्यावर दिवस काढू नका. तळपायांना मुंग्या येत असतील, थकवा जात नसेल, तर बी १२ तपासा.

शौचातून रक्त, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, घटतं वजन, कमी झालेली लघवी, यांतलं काहीही दिसलं तर दुधाला दोष देत बसू नका. लगेच तिथल्या डॉक्टरांकडे जा. विद्यार्थ्यांना आरोग्यविमा सक्तीचा आहे, त्याचे पैसे तुम्ही भरता. मग व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना औषध का विचारता? दवाखाने बंद असताना ११६११७ वर फोन करा, जिवावर बेतलं तर ११२ वर.

पालकांनो, मुलांच्या बॅगेत ओआरएसची पाकिटं जरूर ठेवा. अँटिबायोटिकची पट्टी मात्र आजच बाहेर काढा.