दगड टाकणारे आणि समेट घडवणारे



एखाद्या घरात विवाहबाह्य संबंधाची कुणकुण लागली की आपण काय करतो? पहिले काही महिने ती बातमी चघळतो. पुढे पाच-सात वर्षांनी मुलीचे लग्न ठरले किंवा घरात कोणी अंथरुणाला खिळले, की तेच आपण दुखावलेल्या जोडीदाराच्या दारी जातो. ‘झाले गेले विसरा, ख्रिस्ती आहात ना!’ आणि हे बहुधा बाईलाच ऐकवले जाते.

संत योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय आपण पुष्कळदा ऐकला आहे. शास्त्री आणि परुशी व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीला मंदिरात, भर लोकांत उभी करतात. मोशेचे नियमशास्त्र तर दोघांनाही शिक्षा सांगते (लेवीय २०:१०, अनुवाद २२:२२). मग पुरुष कुठे आहे? त्याला कोणी आणलेच नाही! गर्दीने नियमातले सोयीचे तेवढेच उचलले. खरे तर त्यांना येशूला पेचात पकडायचे होते, त्या बाईशी त्यांना काहीच देणेघेणे नव्हते. येशू मात्र खाली वाकून जमिनीवर लिहू लागतो. तेवढ्यापुरत्या तरी सर्वांच्या नजरा तिच्यावरून हटल्या असतील, असे आम्हांला वाटते. मग एकेक जण निघून जातो, आधी वडीलधारे. शेवटी येशू तिला दोषी ठरवत नाही, पण पुन्हा पाप करू नकोस असेही बजावतो. हे दुसरे वाक्य समेट घडवणारे सहसा विसरतात.

ख्रिस्तसभेचा कायदा याबाबत काय म्हणतो? १९८३ च्या कॅनन लॉमधील कलम ११५२ निर्दोष जोडीदाराला क्षमा करण्याची कळकळीची शिफारस करते, ख्रिस्ती प्रेमाखातर आणि कुटुंबाच्या भल्यासाठी. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. त्याने क्षमा केलेली नसेल आणि स्वतः त्या पापाला कारण झाला नसेल, तर वेगळे राहण्याचा हक्क त्याला आहे. विवाहबंधन मात्र तुटत नाही. आपणहून वेगळे झालेल्याने ६ महिन्यांच्या आत प्रकरण धर्माधिकाऱ्यांपुढे न्यावे आणि त्यांनी क्षमेची शक्यता पडताळून पाहावी, असेही हे कलम सांगते. म्हणजे समेटाची खरी वेळ जखम ताजी असतानाची. लग्नपत्रिकेवर दोघांची नावे हवीत म्हणून धावपळ करायची ती वेळ नव्हे.

आणि जायचे कोणाकडे? मत्तय १८:१५ मध्ये प्रभू चुकलेल्या भावाकडे, तेही एकांतात, जायला सांगतो. तो संबंध तुटला का, घरखर्च पोहोचतो का, प्रायश्चित्त संस्कार घेतला का, हे प्रश्न आधी त्याला विचारावेत. ते अवघड जाते, म्हणून आपण सोपे दार ठोठावतो.

वेगळे राहणाऱ्या निर्दोष जोडीदाराने दुसऱ्याला पुन्हा घरात घेतले, तर कलम ११५५ त्याला प्रशंसनीय म्हणते. पण ते दार उघडणे त्याच्याच हाती ठेवले आहे. त्यात शेजारी, आप्त किंवा आम्ही यांचा उल्लेख नाही.